गोऱ्यांच्या जिमखान्यावर ४ रुपयांत रोलर ओढणाऱ्या बाळूंनी इंग्लंडमध्ये ११४ विकेट काढल्या, कॅप्टनशिप मात्र मिळाली नाही

नाशिकमध्ये क्रिकेटवर गप्पा निघाल्या की दहाव्या मिनिटाला कुणीतरी बापू नाडकर्णींचं नाव काढतंच. विषय गोल्फ क्लबवरच्या रणजी मॅचचा असो नाहीतर कालच्या आयपीएलचा. कारण साधं आहे, बापूंचा जन्म आपल्या नाशिकचा. ४ एप्रिल १९३३. आणि जानेवारी १९६४ मध्ये मद्रासला इंग्लंडविरुद्ध त्यांनी सलग २१ ओव्हर मेडन टाकल्या हे आपल्याकडे शाळकरी पोरांनाही पाठ असतं. त्या इनिंगमध्ये ३२ ओव्हर, त्यातल्या २७ मेडन, ५ रन आणि विकेट शून्य.

आता यात एक गंमत आहे. बॉलर किती चांगला हे मोजायचं क्रिकेटमधलं जुनं माप म्हणजे बॉलिंग ॲव्हरेज. दिलेल्या रनांना काढलेल्या विकेटनी भागायचं. १०० रन दिले, ५ विकेट काढल्या, तर ॲव्हरेज २०. आकडा जितका कमी तितका बॉलर भारी. पण बापूंच्या त्या मद्रासच्या स्पेलचं ॲव्हरेज काढताच येत नाही, कारण शून्यानं भागायचं कसं? म्हणजे ज्या स्पेलवर आपण साठ वर्षं कॉलर ताठ करतोय, त्याला या मापात जागाच नाही.

अमेरिकेत बेसबॉलवाले असंच एक माप वापरतात. तिकडे बॉल टाकणाऱ्याला पिचर म्हणतात आणि त्याच्या नावावर दर नऊ इनिंगमागे किती रन लागले ते मोजतात. पण त्यात एक सवलत असते. फिल्डरच्या चुकीमुळे गेलेले रन पिचरच्या खात्यातून वगळतात. आपल्याकडे असलं काही नाही. स्लिपमध्ये सोप्पा कॅच सुटला आणि त्या बॅट्समननं पुढं ८० ठोकले, तरी ते ८० बॉलरच्याच डोक्यावर.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे एक जुना आकडा. ११४ विकेट, ॲव्हरेज १८.८४. साल १९११, ठिकाण इंग्लंड. टीम अशी की हरण्यासाठीच गेली आहे की काय असं वाटावं. आणि बॉलर असा, की ज्याला त्याच्या गावच्या टीममधल्या लोकांनी चहा द्यायचा तर पॅव्हेलियनच्या बाहेर, मातीच्या कुल्हडात.

पालवणकर बाळू. इंग्रजी स्कोअरकार्डवर पी. बाळू.

तीन रुपये पगार, कामं चार

पालवणकर हे आडनाव कोकणातल्या पालवण गावावरून आलेलं. पण बाळूचा जन्म झाला धारवाडला, १८७५-७६ च्या सुमारास. कुटुंब चांभार समाजातलं. वडील लष्करात चाकरीला होते आणि त्या निमित्तानं घर पुण्याला आलं. लष्करी अधिकारी खेळून झालं की जुनं, मोडकं क्रिकेटचं सामान टाकून द्यायचे. बाळू आणि त्याचा धाकटा भाऊ शिवराम, दोघं त्याच सामानावर खेळायला शिकले. कोच नाही, कॅम्प नाही.

शाळा फार झाली नाही. घरात पैसा लागत होता. पुण्यात पारशी लोकांचा एक क्रिकेट क्लब होता, तिथं बाळूला काम मिळालं. पीच झाडायचं, रोलर फिरवायचा आणि कधीमधी मेंबर लोकांना नेटमध्ये बॉल टाकायचे. पगार महिन्याला ३ रुपये.

१८९२ च्या सुमारास तो पूना जिमखान्यावर गेला. हा क्लब गोऱ्या साहेबांचा. इथं पगार १ रुपयानं वाढला, म्हणजे ४ रुपये झाला. कामं मात्र बरीच वाढली. नेट लावा, रोलर ओढा, पीच तयार करा, टेनिस कोर्टाच्या रेषा मारा. आणि साहेब प्रॅक्टिसला आले की बॉल टाका.

त्यात एक साहेब होता कॅप्टन जे. जी. ग्रेग. पूर्ण नाव जॉन ग्लेनी ग्रेग. इथल्या लोकांच्या तोंडात ते जॉन ग्लेनी बसेना, म्हणून त्याचं झालं जंगली. आणि पुढं साहेब लोकही त्याला जंगली ग्रेग म्हणू लागले. गडी बुटका, पण बॅटिंगला जबरदस्त. तिकडे इंग्लंडमध्ये हॅम्पशायरकडून खेळलेला. त्याला सरावाचं वेड होतं. रोज तो इतरांच्या तासभर आधी यायचा आणि बाळूला बॉल टाकायला लावायचा. असं सांगतात की आपल्याला आऊट केलं तर दर वेळी आठ आणे द्यायचे असं ग्रेगनं ठरवून टाकलं होतं.

४ रुपये महिना असलेल्या पोरासाठी आठ आणे म्हणजे किती, हिशोब तुम्हीच करा. आठ वेळा साहेबाची दांडी उडवली की महिन्याचा पगार निघाला. माझ्या मते भारतातली पहिली परफॉर्मन्स बोनस स्कीम हीच असावी.

बाळू डावखुरा स्पिनर. तासन्‌तास एका कसलेल्या बॅट्समनसमोर बॉल टाकून टाकून त्याचा हात असा बसला की बॉल पाहिजे तिथं पडायचा. वळण, उंची, वेग, सगळ्यात थोडा थोडा बदल. समोरचा पुढं यायचा की मागं राहायचा याच विचारात अडकायचा. पण एवढी वर्षं पूना जिमखान्यावर घालवून त्याला बॅटिंग काही कुणी करू दिली नाही. बॉलिंग हे कष्टाचं काम, ते नोकरानं करायचं. बॅटिंग ही साहेबाची मजा. हा हिशोब त्या काळी सगळीकडेच होता आणि खरं बोलायचं तर पुरता गेलाय असंही नाही. आजही गल्लीत ज्याची बॅट त्याचीच पहिली बॅटिंग असते.

चहाचा विषय

पुण्यात हिंदूंचाही एक क्लब होता आणि त्यांना एकच ध्यास होता, गोऱ्यांच्या पूना जिमखान्याला हरवायचं. आता जिमखान्यावरच्या सगळ्या साहेबांना रोज नेटमध्ये नाचवणारा पोरगा गावातच होता. पण तो जातीनं चांभार. घ्यायचा की नाही यावर क्लबात दोन तट पडले. रामचंद्र गुहांनी भारतीय क्रिकेटच्या इतिहासावर जे पुस्तक लिहिलंय त्यात ते सांगतात की तेलुगू मेंबर बाळूला घ्यायच्या बाजूनं होते आणि मराठी ब्राह्मण मेंबर विरोधात. शेवटी ग्रेगनंच जाहीरपणे, असा बॉलर बाहेर ठेवणं हा मूर्खपणा होईल अशा अर्थाचं काहीतरी सांगितलं म्हणतात. त्याचा खरा हेतू काय होता कुणास ठाऊक. कदाचित त्याला मॅचमध्येही बाळूला खेळून बघायचं असेल.

बाळू टीममध्ये आला. मैदानावर सगळे एकच बॉल हाताळत होते, तिथं विटाळ आडवा आला नाही. पण टी ब्रेक झाला की बाकीचे पॅव्हेलियनमध्ये आणि बाळू बाहेर. त्याचा चहा मातीच्या भांड्यात, पिऊन झाला की भांडं फेकायचं. जेवण वेगळ्या ताटात, वेगळ्या टेबलावर. तोंड धुवायचं तर पाणी द्यायला त्याच्यासारखाच अस्पृश्य मानलेला नोकर.

हे पुणं कोणतं होतं तेही लक्षात घ्या. १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये चहा घेतला म्हणून टिळक आणि रानड्यांसारख्या माणसांवर ग्रामण्य झालं, त्यांना प्रायश्चित्त घ्यावं लागलं. ज्या गावात मिशनऱ्याच्या घरचा एक कप चहा एवढा महागात पडत होता, त्या गावात चांभाराच्या पोराला क्रिकेटच्या टीममध्ये घेतलं होतं. म्हणजे झालं ते मोठं होतं, आणि तरीही किती अपुरं होतं.

मग सातारची मॅच आली. तिथला क्लब पूर्ण गोऱ्यांचा. बाळूचा धसका घेऊन त्यांनी आधीपासूनच पीच रोलर फिरवून फिरवून सपाट करून ठेवलं होतं, म्हणजे बॉल वळायलाच नको. बाळूनं ७ विकेट काढल्या. पीचवर रोलर कसा फिरवतात हे त्या मैदानावर त्याच्याइतकं कुणाला कळत असणार?

त्यानंतर पुण्यात सत्कार झाला. गुहांच्या पुस्तकात नोंद आहे की न्यायमूर्ती रानड्यांनी तेव्हा क्लबवाल्यांना सुनावलं, सोबत खेळता येतं तर सोबत बसून जेवायला काय हरकत आहे अशा आशयाचं. टिळकांनीही बाळूचं जाहीर कौतुक केलं. ज्या दोघांनी चहापायी प्रायश्चित्त घेतलं होतं, तेच हे दोघे.

मुंबई आणि १९०६

१८९६ मध्ये प्लेग आला. पालवणकर कुटुंब मुंबईला गेलं. तिथं हिंदू जिमखाना नवाच होता, १८९४ चा. इथंही बाळूंना घेताना कुरबूर झाली, पण घेतलं. पुढं बीबी अँड सीआय रेल्वेत नोकरी लागली, म्हणजे आजची वेस्टर्न लाइन ज्या कंपनीची होती ती. रेल्वेच्या टीमकडूनही खेळायला मिळू लागलं. मागोमाग शिवराम आला. मग विठ्ठल, मग गणपत. चार भाऊ, चारही जण क्रिकेटर.

फेब्रुवारी १९०६ मध्ये मुंबईत हिंदू विरुद्ध युरोपियन अशी मॅच झाली. तोवर गोऱ्यांशी टक्कर घ्यायचा मान फक्त पारशांचा होता. बंगालची फाळणी होऊन चार महिने झालेले, स्वदेशीची हवा तापलेली. अशात हिंदूंनी २४२ आणि १६० केले. युरोपियन १९१ आणि १०२ मध्ये गुंडाळले. १०९ रननी विजय. बाळूंच्या ८ विकेट, पहिल्या डावात ३ आणि दुसऱ्यात ५.

या विजयाची चर्चा नुसती क्रिकेटची राहिली नाही. इंडियन सोशल रिफॉर्मर या सुधारकांच्या पेपरनं मुद्दा नेमका उचलला. जातीची अट बाजूला ठेवून माणूस निवडला म्हणून जिंकलो, हा तो मुद्दा. तोवर बाळूंचा चहाही आत आला होता. मुंबईत टीममधले लोक त्यांच्यासोबत जेवू लागले होते. विकेट पडत गेल्या तसे नियम सैल झाले, असं म्हणायला हरकत नाही. पण हे सोपं वाटतं तितकं सोपं नाही. एखाद्याला माणूस म्हणून वागवून घ्यायला आधी ७ विकेट काढाव्या लागत असतील, तर विकेट न काढणाऱ्यांनी काय करायचं?

१९११ चा उन्हाळा

आता तो आकडा. १९११ मध्ये ऑल इंडिया नावाची टीम पहिल्यांदा इंग्लंडला निघाली. आधी पारशांच्या टीम जाऊन आल्या होत्या, पण सगळ्या धर्मांचे खेळाडू एकत्र घेतलेली ही पहिलीच. निवडही कोट्यानं झाली. ६ पारशी, ५ हिंदू, ३ मुसलमान आणि कॅप्टन शीख. हिंदूंच्या पाच जागांमधल्या दोन जागांवर बाळू आणि शिवराम होते.

कॅप्टन म्हणजे पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग. वय वर्षं १९. खर्चाची बाजू भक्कम झाली, बाकी आनंद. त्या वर्षी जूनमध्ये लंडनला पंचम जॉर्जचा राज्याभिषेक होता. महाराजांना मेजवान्या, दरबार, भेटीगाठी यातून क्रिकेटला वेळ कुठून मिळणार? थोड्या मॅच खेळून ते टीमपासून बाजूला झाले. शिवाय टीममधला सगळ्यात चांगला बॅट्समन केकी मिस्त्री हा महाराजांच्या पदरी नोकरीला. महाराज गेले की तोही गेला.

म्हणजे उरलेल्या टीमकडे धड कॅप्टन नाही, मेन बॅट्समन नाही, आणि समोर इंग्लिश काऊंट्या. ठरल्याप्रमाणे हार सुरू झाली. एक हरले, दुसरी हरले, हरतच राहिले. वरून तो उन्हाळा इंग्लंडच्या इतिहासातल्या कडक उन्हाळ्यांपैकी. इंग्लंडच्या ओलसर पीचवर स्पिनरची चांदी असते असं आपण ऐकतो, पण कोरड्या कडक पीचवर बॅट्समन मजा मारतात. शिवाय टीम आधी बॅटिंगला कोसळणार आणि मग समोरची टीम निवांत खेळणार. बॉलरला वाचवायला पाठीशी रनच नाहीत.

बाळू तेव्हा ३५ च्या आसपास होते. आजच्या हिशोबानं रिटायरमेंटचं वय. आणि ते बॉल टाकत राहिले.

जुलैमध्ये लेस्टरशायरविरुद्ध त्यांनी मॅचमध्ये ११ विकेट काढल्या आणि ऑल इंडियानं काऊंटी टीमला पहिल्यांदा हरवलं. मग सॉमरसेटला एका विकेटनं हरवलं, त्यात शिवरामनं नाबाद शतक ठोकलं. म्हणजे टूरवर फर्स्ट क्लास मॅच जिंकल्या फक्त दोन, आणि त्या दोन्हींवर पालवणकरांचा हात. केंब्रिज युनिव्हर्सिटीविरुद्ध तर बाळूंनी एका डावात १०३ रन देऊन ८ गडी बाद केले. ही त्यांची आयुष्यातली सगळ्यात चांगली कामगिरी.

पूर्ण टूरचा हिशोब असा. २३ मॅच खेळले. ६ जिंकले, १५ हरले, २ ड्रॉ. बाळूंच्या विकेट ११४, ॲव्हरेज १८.८४. यातल्या फक्त फर्स्ट क्लास मॅच धरल्या तर ७५ विकेट आणि ॲव्हरेज २०.१२.

सुरुवातीला बॉलिंग ॲव्हरेजचं गणित सांगितलं ते यासाठी. चांगल्या टीममधल्या बॉलरचं ॲव्हरेज चांगलं असणं वेगळं. तिथं दुसऱ्या टोकाकडून दबाव असतो, स्लिपमध्ये कॅच पकडणारे असतात, बोर्डावर ४०० लागलेले असतात. १५ मॅच हरलेल्या टीमकडून, दुसऱ्याच्या चुकांसकट सगळे रन स्वतःच्या खात्यात घेऊन १८.८४ राखणं ही दुसरी गोष्ट आहे. बापू नाडकर्णींचं टेस्टमधलं ॲव्हरेज २९.०७ आहे. अर्थात ही तुलना बरोबर नाही, टेस्ट वेगळी, काळ वेगळा, पीच वेगळी. बापूंची खरी ताकद ओव्हरमागे दिलेल्या रनमध्ये दिसते, १.६७. नाशिककरांनी लगेच रागावू नये, एवढ्यासाठी हे सांगून ठेवलं.

मानपत्र

बाळू परत आले तेव्हा मुंबईत त्यांचे सत्कार झाले. त्यातला एक दलित समाजाच्या लोकांनी केला होता. असं सांगितलं जातं की त्या कार्यक्रमातलं मानपत्र एका विशीतल्या कॉलेजकुमारानं तयार केलं होतं. त्याचं नाव भीमराव रामजी आंबेडकर. एल्फिन्स्टनमध्ये शिकत होता. आपल्यातला एक माणूस साहेबाच्या देशात जाऊन साहेबाला आऊट करून आलाय, याचं त्या पिढीला काय वाटलं असेल याची कल्पना करा. शाळेत पाण्याच्या घोटासाठी शिपायाची वाट बघितलेला मुलगा, आणि टी ब्रेकमध्ये बाहेर उभं राहून चहा प्यायलेला बॉलर. या दोघांची गाठ पुढं पुन्हा पडणार होती, पण फारच वेगळ्या ठिकाणी.

कॅप्टन कोण?

१९११ नंतर हिंदूंच्या टीममध्ये बाळूंपेक्षा मोठा खेळाडू कुणी नव्हता. अनुभव त्यांचा, आकडे त्यांचे. पण कॅप्टन व्हायचे एम. डी. पै. माणूस वाईट नव्हता. उलट १९१३ मध्ये एका सत्काराच्या कार्यक्रमात पैंनी स्वतःच बोलून दाखवलं की टीममधले सगळ्यात ज्येष्ठ बाळू आहेत, मान खरा त्यांचा होता. कॅप्टनला कळत होतं ते निवड करणाऱ्यांना कळत नव्हतं असं थोडंच असेल.

टीममध्ये जागा मिळाली, ताट मिळालं, सोबत जेवण मिळालं. पण अकरा जणांना हुकूम देण्याची वेळ आली की गाडी तिथंच अडायची. ब्राह्मण पोरगा चांभार कॅप्टनच्या सांगण्यावरून बाउंड्रीला जाऊन उभा राहणार, हे चित्र निवड समितीच्या पचनी पडत नव्हतं.

१९२० मध्ये ठिणगी पडली. चौरंगी स्पर्धेच्या पहिल्या मॅचला बाळूंना टीममधूनच वगळलं. पै आजारी पडले आणि कॅप्टनशिप गेली पुण्याच्या दि. ब. देवधरांकडे. हो, तेच प्रोफेसर देवधर, ज्यांच्या नावानं देवधर ट्रॉफी आहे. खेळाडू मोठेच, पण शिवराम आणि विठ्ठल दोघंही त्यांना तेव्हा सीनियर. दोघा भावांनी टीममधून अंग काढून घेतलं आणि जातीमुळं आम्हाला डावललं जातंय हे पेपरमध्ये निवेदन देऊन सांगितलं. असहकाराचे दिवस होते, बहिष्कार हा शब्द घरोघरी पोचलेला. या दोघांनी तो क्रिकेटमध्ये आणला.

मुंबईत बराच गोंधळ उडाला. लोक भावांच्या बाजूनं बोलू लागले. फायनलला पै परत आले, शिवराम आणि विठ्ठलही आले आणि बाळूंना बोलावून व्हाइस कॅप्टन केलं गेलं. फायनल चालू असताना पै मधेच मैदान सोडून बाहेर जाऊन बसले. दुखापत वगैरे काही नाही. ते आत नसले की कॅप्टन कोण? बाळू. तेवढ्या वेळापुरते, चाळिशी ओलांडलेले बाळू हिंदूंच्या टीमचे कॅप्टन होते. वीसएक वर्षांच्या करिअरमध्ये त्यांच्या वाट्याला आलेली कॅप्टनशिप ती एवढीच. त्याच वर्षी धाकटा गणपत वारला. तोही चांगला खेळाडू होता.

त्यानंतर बाळू फार खेळले नाहीत. फर्स्ट क्लासचा हिशोब ३३ मॅच, १७९ विकेट, ॲव्हरेज १५.२१. हा आकडा परत वाचा. १५.२१. सी. के. नायडू १९१६ मध्ये याच टीममधून पहिली मॅच खेळले होते, म्हणजे भारताच्या पहिल्या टेस्ट कॅप्टननं सुरुवात केली ती बाळूंच्या सोबतीनं. भारत टेस्ट खेळायला लागला १९३२ मध्ये. तोवर बाळू पन्नाशी कधीच ओलांडून गेले होते.

१९२३ मध्ये मात्र विठ्ठल पालवणकर हिंदूंचे कॅप्टन झाले. फायनलला युरोपियनांना हरवलं आणि लोकांनी त्यांना खांद्यावर उचलून मैदानाबाहेर आणलं. विठ्ठलरावांनी पुढं १९४८ मध्ये माझे क्रीडा-जीवन हे आत्मचरित्र लिहिलं. या सगळ्या भांडणाची घरातून दिसलेली बाजू ज्यांना वाचायची असेल त्यांनी ते शोधावं. बाळूंनी स्वतः असं काही लिहून ठेवलं नाही.

येवला आणि नंतर

आता आपल्या जिल्ह्यात येऊ. २ मार्च १९३० ला नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. तो पाच वर्षं चालला आणि दार काही उघडलं नाही. मधल्या काळात, सप्टेंबर १९३२ मध्ये, पुणे करार झाला. एका बाजूला येरवड्यात गांधीजींचं उपोषण, दुसऱ्या बाजूला डॉ. आंबेडकर. त्या करारावर ज्यांच्या सह्या आहेत त्यात पी. बाळू हे नाव आहे. बाळू तोवर गांधीजींच्या विचाराकडे झुकले होते. स्वतंत्र मतदारसंघ नकोत या बाजूचे.

१३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात डॉ. आंबेडकरांनी हिंदू म्हणून मरणार नाही हे जाहीर केलं. बाळूंना ते पटलं नाही. धर्मांतर आपल्या लोकांना घातक ठरेल असं त्यांचं मत होतं आणि ते त्यांनी लपवलं नाही.

इथं आजच्या सोशल मीडियाच्या सवयीनं एकाला हिरो आणि दुसऱ्याला व्हिलन करायचा मोह होतो. मला तसं करवत नाही. बाळूंच्या आयुष्याचा अनुभव असा की चाळीस वर्षांत दार थोडं थोडं उघडत गेलं होतं. बाहेरचा चहा आत आला, मातीचं भांडं गेलं, भाऊ कॅप्टन झाला. काळारामाच्या पायऱ्यांवर लाठ्या खाल्लेल्यांचा अनुभव नेमका उलटा होता. दोघांनाही आपापलं पाहिलेलं खरं वाटत होतं. पण एक गोष्ट बाळूंच्या हिशोबात धरलेली दिसत नाही. त्यांच्यासाठी दार उघडलं त्याला कारण त्यांचा डावा हात होता, आणि तसा हात लाखात एकाला असतो.

१९३७ ची निवडणूक आली. मुंबईतल्या राखीव जागेवर डॉ. आंबेडकर स्वतंत्र मजूर पक्षाकडून उभे राहिले. त्यांच्यासमोर द्यायला काँग्रेसला असा उमेदवार हवा होता की ज्याचं नाव चाळीचाळीत माहीत आहे. त्यांनी बाळूंना उभं केलं. त्यांची स्वतःची फारशी इच्छा नव्हती असं सांगतात. निकाल लागला तेव्हा आंबेडकरांना १३,२४५ मतं होती, बाळूंना ११,२२५. २,०२० मतांचा फरक.

हरले तरी ११ हजार लोकांनी मत दिलं होतं. मैदान सोडून पंधरा-सोळा वर्षं झाली होती.

पुढची वर्षं शांत गेली. ४ जुलै १९५५ ला मुंबईत बाळूंचं निधन झालं. पुढच्या वर्षी १४ ऑक्टोबरला नागपुरात डॉ. आंबेडकरांनी बौद्ध धम्म स्वीकारला. ते बघायला बाळू नव्हते.

आणि १९५५ च्याच डिसेंबरमध्ये, दिल्लीत न्यूझीलंडविरुद्ध, एका डावखुऱ्या स्पिनरनं भारताकडून पहिली टेस्ट खेळली. वय २२, जन्मगाव नाशिक. बापू नाडकर्णी.